"पेपरात आलंय" म्हणण्याआधी: बातमी वाचायची आणि पडताळायची पद्धत, टप्प्याटप्प्याने

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर रोज एखादं तरी कात्रण येतं आणि त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, "पेपरात आलंय बघा." २०२४ च्या जुलैत माझ्या मावशीला असंच लाडकी बहीण योजनेचं कात्रण आलं होतं, अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै. तिचा अधिवासाचा दाखला निघेना, १५ तारीख गेली, आता काय उपयोग म्हणून ती गप्प बसली. कात्रण खरं होतं, चांगल्या पेपरचं होतं, फक्त योजनेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतलं होतं. २८ जूनच्या जीआरमधली, म्हणजे शासन निर्णयातली, ती तारीख पुढच्याच आठवड्यात ३१ ऑगस्ट झाली होती आणि दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्डसुद्धा चालणार होतं, हे सगळ्या पेपरांत आलं होतं, पण मावशीकडे पेपर येत नव्हता, कात्रणं येत होती. रक्षाबंधनाला मी तिच्याकडे गेले आणि विषय निघाला म्हणून कळलं, नाहीतर राहूनच गेलं असतं.

हे लिहायला बसले त्याचं कारण हेच. चांगली शिकलेली माणसंसुद्धा क्रम उलटा धरतात, म्हणजे आधी मेसेज येतो आणि मग त्याला आधार म्हणून पेपर शोधतात. आधी पेपर वाचलेला असला की मेसेज आल्या आल्या निम्म्या वेळा तुम्हालाच कळतं की हे जुनं आहे किंवा अर्धवट आहे. खालचे टप्पे ओळीने करा, मधला गाळला की पुढचा नीट जमत नाही.

## तयारी: एक संध्याकाळ द्या

एक साधी वही, फोनमध्ये तुमच्या पेपरांच्या ई-पेपरचे बुकमार्क, आणि रद्दी ठेवायला कोपरा. रद्दी महिन्याला देत असाल तर दोन महिन्यांनी द्या, का ते शेवटच्या टप्प्यात येईल.

बुकमार्क करताना पत्ता पेपरवर छापलेला असतो तो बघून स्वतः टाइप करा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको, कारण एखादं अक्षर बदलून तशाच दिसणाऱ्या साइट काढणारे लोक आहेत.

ई-पेपर आणि त्याच पेपरची वेबसाइट यातला फरक लक्षात ठेवा, इथे खूप जण चुकतात. ई-पेपर म्हणजे छापलेल्या पानाची जशीच्या तशी प्रत. ती डेस्कवरून, उपसंपादकाच्या नजरेखालून गेलेली असते आणि त्यावर तारीख, आवृत्ती, पान क्रमांक असतो. वेबसाइटवर दिवसभर घाईघाईत बातम्या टाकत असतात, मथळा क्लिक मिळावा म्हणून ताणलेला असतो आणि मजकूर नंतर गुपचूप बदलताही येतो. त्यामुळे ताजी घडामोड बघायला वेबसाइट ठीक, पण पुरावा म्हणून ई-पेपरच.

## टप्पा १: पेपर निवडा, तीन पुरेत

पहिला तुमच्या जिल्ह्यात ज्याचे बातमीदार खरंच फिरतात असा. कोल्हापूरकडे पुढारी, साताऱ्यात ऐक्य, सोलापुरात संचार, नाशिकला देशदूत, अकोल्याकडे देशोन्नती, गोव्यात गोमन्तक, बेळगावात तरुण भारत, असं प्रत्येक भागाचं काहीतरी असतं. पाण्याचं वेळापत्रक, बाजार समितीतले भाव, महापालिकेचा ठराव हे तिथेच नीट मिळतं. दुसरा राज्यभर पसरलेला, लोकसत्ता, महाराष्ट्र टाइम्स (मटा), लोकमत, सकाळ यांपैकी एक.

तिसरा मुद्दाम वेगळ्या घराचा घ्या. लोकसत्ता घेत असाल आणि जोडीला इंडियन एक्सप्रेस लावलात तर दोन्ही एकाच समूहाचे झाले, मटा आणि टाइम्स ऑफ इंडियाचंही तसंच. दिव्य मराठी दैनिक भास्करच्या समूहाचा आहे. लोकमत दर्डा कुटुंबाचा, त्यातले विजय दर्डा राज्यसभेत खासदार होते आणि राजेंद्र दर्डा राज्यात मंत्री. सकाळ समूहाचे प्रताप पवार शरद पवारांचे बंधू. यात लपवण्यासारखं काही नाही आणि यामुळे पेपर वाईटही ठरत नाही, पण एखादी बातमी मोठी का आली किंवा आलीच का नाही हे कळायला मालक माहीत असावा लागतो. सामना हे ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्र आहे, त्या पक्षाला काय वाटतं हे समजून घ्यायला ते जरूर वाचा, पण त्याला तीनातला एक धरू नका.

परदेशात किंवा महाराष्ट्राबाहेर असाल तर ई-पेपरवरच भागवा, फक्त आवृत्ती आपल्या गावाची निवडा. बरेच जण आपोआप उघडलेली मुंबई आवृत्ती वाचतात आणि म्हणतात आमच्या गावचं काहीच येत नाही.

तपासा: माहीत नसलेलं साप्ताहिक किंवा छोटा पेपर असेल तर पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली ओळ शोधा. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छपाईचं ठिकाण तिथे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. १८६७ चा जुना कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नवा लागू झाला तरी ही अट आहेच. न्यूज पोर्टल असेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव बघा, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे ते द्यावं लागतं. नाव-पत्ता काहीच नसेल तर पुढे वाचायची गरज नाही.

## टप्पा २: वाचायचा क्रम

पहिलं पान पूर्ण जाहिरातीचं, म्हणजे जॅकेट असू शकतं, त्यावरही पेपरचं नाव असतंच, त्याला बातमी समजू नका. माझा क्रम असा: आधी जिल्ह्याचं पान, मग खरं पहिलं पान, मग राज्य, देश-विदेश, अर्थ, आणि अग्रलेख व लेख सगळ्यात शेवटी. अग्रलेख आधी वाचला की आपलं मत आधी बनतं आणि मग बातमीत आपण तेच शोधत बसतो. अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत.

## टप्पा ३: बातमी आली कुठून ते आधी बघा

मथळ्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते आपण कुणीच वाचत नाही. बातमीदाराचं नाव असेल तर कुणीतरी जबाबदारी घेतलीय. 'विशेष प्रतिनिधी', 'म. टा. प्रतिनिधी', 'सकाळ वृत्तसेवा', 'लोकमत न्यूज नेटवर्क' असेल तर पेपरच्या स्वतःच्या माणसांकडून आलीय. 'पीटीआय' किंवा 'वृत्तसंस्था' असेल तर एजन्सीची, म्हणजे एकच बातमी अनेक पेपरांना पुरवणाऱ्या संस्थेची. 'वाणिज्य प्रतिनिधी' असेल तर बहुतेक दुकान, क्लास, बिल्डर यांचं प्रसिद्धीपत्रक.

मोठी चूक इथे होते ती अशी, की तीन पेपरांत आलं म्हणजे तीनदा खात्री झाली असं आपण धरतो. तिन्हीकडे 'पीटीआय' असेल तर बातमी एकच आहे, तीनदा छापलीय. खात्री तेव्हा, जेव्हा दोन पेपरांचे दोन वेगळे बातमीदार वेगळ्या माणसांशी बोलून तेच सांगतात.

तपासा: गावाचं नाव बघा. गडचिरोलीतल्या घटनेची बातमी मुंबईहून लिहिलेली असेल तर दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात काय येतं त्याची वाट बघा.

## टप्पा ४: क्रियापद वाचा, सगळं तिथे असतं

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो सांगायला मी थोडा वेळ घेणार आहे, कारण खोट्या बातमीने जितकी फसवणूक होते त्याहून जास्त खरी बातमी चुकीच्या पायरीवर वाचल्याने होते असं माझं मत आहे.

सरकारी बातमी. मंत्री सभेत बोलले ती घोषणा. मग प्रस्ताव, मग 'तत्त्वतः मान्यता', मग मंत्रिमंडळाची मंजुरी, मग शासन निर्णय म्हणजे जीआर, मग निधी वितरित, आणि मग कुठे खात्यात पैसे. यातल्या कुठल्याही पायरीवर मथळा असाच येतो की 'शेतकऱ्यांना मिळणार मदत'. बातमीत आत कुठल्या पायरीचं क्रियापद आहे ते शोधा. 'विचाराधीन', 'संकेत दिले', 'शक्यता' असेल तर अजून काहीही झालेलं नाही. जीआरच्या आधी कागदपत्रांसाठी रांग लावू नका, एजंटला तर एक रुपया देऊ नका.

पोलिसांची बातमी. तक्रार अर्ज, गुन्हा दाखल, ताब्यात, अटक, आरोपपत्र, खटला, निकाल. 'गुन्हा दाखल' म्हणजे कुणीतरी फिर्याद दिली आणि पोलिसांनी नोंदवून घेतली एवढंच. चौकशीसाठी ताब्यात घेणं आणि अटक यातही फरक आहे. आपल्याकडे गुन्हा दाखल झाला की सोसायटीच्या ग्रुपवर तो माणूस दोषी ठरलेला असतो, त्याच्या मुलांना शाळेत ऐकून घ्यावं लागतं, आणि चार वर्षांनी निर्दोष सुटल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची येते.

कोर्टाची बातमी. याचिका दाखल झाली म्हणजे कोर्ट काही म्हणालेलं नाही. नोटीस काढली म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला सांगितलंय. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी बोलतात तो आदेश नसतो, पण मथळे त्याचेच होतात, 'हायकोर्टाने सरकारला झापलं' वगैरे. अंतरिम स्थगिती म्हणजे तात्पुरतं थांबवलं. 'निकाल राखून ठेवला' म्हणजे अजून लागलेला नाही. जमिनीच्या, आरक्षणाच्या, भरतीच्या बातम्यांत हे न कळल्याने मुलांची वर्षं जाताना बघितलीत.

आणि राजकीय बातमीतले शब्द: 'समजते', 'कळते', 'सूत्रांच्या माहितीनुसार', 'चर्चा आहे', 'बोलले जात आहे'. 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे चांगल्या बातमीदाराकडून आलं तर त्याला वजन असतं, कारण नाव देता येत नाही अशा अधिकाऱ्याशी तो खरंच बोललेला असतो. 'चर्चा आहे' याला मात्र काहीच वजन नाही. मथळ्यात प्रश्नचिन्ह असेल तर पेपरलाच खात्री नाही. मथळा अवतरणात असेल तर ते कुणाचं तरी म्हणणं आहे, कुणाचं ते आत बघा.

तपासा: बातमी संपल्यावर एका वाक्यात सांगून बघा, कोण म्हणालं, काय झालं, कुठल्या पायरीवर आहे. सांगता आलं नाही तर परत वाचा, तरीही येत नसेल तर बातमीच कच्ची आहे.

## टप्पा ५: जाहिरात वेगळी काढा

'जाहिरात', 'प्रायोजित', 'अॅडव्हर्टोरियल', 'मीडिया मार्केटिंग इनिशिएटिव्ह' असं कोपऱ्यात अगदी बारीक लिहिलेलं असतं, अक्षराचा टाइपही बाकी पानापेक्षा जरा वेगळा असतो. निवडणुकीच्या दिवसांत आणखी सावध. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचं कौतुक करणारा जवळजवळ शब्दशः सारखा मजकूर वेगवेगळ्या मराठी पेपरांत बातमी म्हणून छापला गेला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी द हिंदूमध्ये ते समोर आणलं आणि पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द घराघरात गेला. त्यामुळे उमेदवाराबद्दल एकाही विरोधी वाक्याशिवाय, गर्दीचे फोटो आणि विशेषणं भरलेली बातमी दिसली तर त्यातले दोन वाक्यं दुसऱ्या पेपरात शोधा. तसेच्या तसे सापडले तर ती बातमी म्हणून मोजू नका.

## टप्पा ६: आता फोन हातात घ्या, कात्रण आलंय

१. आधी तीन गोष्टी शोधा: पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती. कात्रणात दिसत नसतील तर पाठवणाऱ्याला विचारा, "काका, हे कुठल्या तारखेचं आहे?" असं साध्या भाषेत, भांडू नका. बहुतेक वेळा त्यांनाही माहीत नसतं आणि विषय तिथेच थांबतो.

२. त्या तारखेचा ई-पेपर उघडा, एक दिवस मागे आणि एक दिवस पुढेही बघा, कारण घटना आणि छपाई यात एक रात्र असते.

३. नाही सापडलं तर मथळ्यातले चार-पाच शब्द आणि पेपरचं नाव गूगलमध्ये टाका. फोटो असेल तर गूगल लेन्सने शोधा, पुराचा फोटो पाच वर्षांपूर्वीचा निघणं नेहमीचं आहे.

४. मग बाकीचे दोन पेपर. जिल्हा हादरवणारी घटना फक्त एकाच कात्रणात आहे आणि दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, असं होत नाही.

५. तरी शंका असेल तर फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज या बातम्या पडताळणाऱ्या साइटची मराठी पानं आहेत, तिथे शोधा.

तारखेची एक खूण सांगते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला पेपरच्या ऑफिसांना सुट्टी असते, म्हणून बहुतेक मराठी पेपरांचा २७ जानेवारीचा आणि १६ ऑगस्टचा अंक निघत नाही. त्या तारखेचं कात्रण आलं तर आधी संशय घ्या.

तुटलेली जोडाक्षरं, ढिसाळ शुद्धलेखन, कॉलमच्या रुंदीत न बसणाऱ्या ओळी हे बनावट कात्रणाचं लक्षण असायचं, पण आता एआयने इतकं सफाईदार बनवता येतं की नुसतं बघून ठरवू नका, अंक उघडाच. चॅनलचा लोगो लावलेली ब्रेकिंग न्यूजची कार्डं तर त्याहून सोपी असतात बनवायला, त्या चॅनलच्या स्वतःच्या पानावर ती असतील तरच धरा. ग्रुपवर फिरणारी पूर्ण पेपरची पीडीएफही नको, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरपोच पेपर बंद होते तेव्हापासून लोकांना ती सवय लागलीय, पण मधलं एखादं पान बदललेलं असेल तर तुम्हाला कळणार नाही.

सावधान: मुलं पळवणारी टोळी, अमुक जमातीचे लोक, तमुक गाडीचा नंबर असा मेसेज असेल तर पडताळणी पूर्ण होईपर्यंत "खरं आहे का?" असं विचारायलासुद्धा पुढे पाठवू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं, भिक्षा मागून जगणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. दोन बाणांची खूण म्हणजे मेसेज खूप हातांतून आलाय. खरंच काही संशयास्पद दिसलं तर ११२ ला फोन करा.

## टप्पा ७: पैसे, तारीख, कागदपत्र असेल तर मूळ कागद गाठा

इथे पेपरवरही थांबायचं नाही. राज्य सरकारचा जीआर असेल तर त्याच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं की हा शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो आकडा अठरा अंकी असतो, पहिले चार अंक वर्ष, मग दोन महिना, मग दोन दिवस. वर लिहिलेल्या तारखेशी तो जुळतो का बघा आणि शासनाच्या जीआरच्या साइटवर तोच संकेतांक टाकून शोधा. सापडला तरी त्याच विषयावर नंतरचा जीआर किंवा शुद्धिपत्रक आहे का हे बघितल्याशिवाय उठू नका, मावशीचं तिथेच राहिलं होतं.

पावसाळ्यात शाळांच्या सुट्टीचे आदेश फिरतात, त्यात बऱ्याचदा मागच्या वर्षीचा खरा आदेश असतो, म्हणून आधी साल बघा आणि मग जिल्हाधिकारी किंवा जिल्हा माहिती कार्यालयाचं अधिकृत पान. केंद्राच्या योजनेसाठी पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे केंद्र सरकारच्याच माहिती कार्यालयाचं पडताळणी युनिट, उपयोगी आहे. पण सरकारवर टीका करणाऱ्या बातमीला त्यांनी फेक म्हटलं असेल तर ती सरकारची बाजू म्हणून वाचा आणि पेपरने त्यावर काय उत्तर दिलं तेही बघा. सरकारबद्दल काय खोटं हे सरकारच्याच युनिटने ठरवायची तरतूद आयटी नियमांत आणली होती, ती मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

## टप्पा ८: वहीत पाठपुरावा

रोज फक्त एक किंवा दोन बातम्या, ज्यांचा तुमच्या घराशी किंवा गावाशी संबंध आहे. तारीख, पेपर, कुठल्या पायरीवर, आणि एक कोरी जागा. पुढची बातमी आली की कोऱ्या जागेत लिहायचं. तीन महिन्यांनी वही चाळली की कळतं कुठल्या पेपरने विषय शेवटपर्यंत नेला आणि कुणी घोषणा छापून सोडून दिलं, आणि पेपर बदलायचा की ठेवायचा हे त्यावर ठरवा. चुकीबद्दल शुद्धिपत्र किंवा दिलगिरी छापणाऱ्या पेपरला मी जास्त मार्क देते. चूक सगळ्यांची होते, ती कबूल करणारा पेपर मला पुढच्या वेळी जास्त भरवशाचा वाटतो.

## टप्पा ९: पेपरचीच चूक सापडली तर

आधी संपादकांना लिहा, ईमेल चालेल. तारीख, आवृत्ती, पान, चुकीचं वाक्य, बरोबर काय आणि त्याचा पुरावा, एवढंच, रागाचे परिच्छेद नकोत. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिकासाठी बातमी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते, रद्दी दोन महिने ठेवा म्हटलं ते यासाठी. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, आणि विषय कोर्टात असेल तर ते तक्रार घेत नाहीत. तक्रारीसोबत संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत, त्यांचं उत्तर आलं असेल तर ते, आणि मूळ अंकाचं अख्खं पान जोडा, ज्यावर तारीख आणि आवृत्ती दिसेल असं, नुसतं कात्रण पाठवू नका.